बेन किंग्सलेची ओळख ठरवणाऱ्या भूमिका कशा निवडाव्यात

बेन किंग्सले म्हटलं की आपल्याकडे एकच चेहरा समोर येतो: गोल चष्मा, काठी, पंचा. १९८२ च्या ‘गांधी’ने त्याला ऑस्कर मिळवून दिलं आणि भारतात तरी विषय तिथेच संपला. प्रत्यक्षात हा नट १९६० च्या दशकापासून काम करतोय आणि ऐंशी ओलांडल्यावरही थांबलेला नाही. एवढ्या लांब कारकिर्दीतून चार-पाच भूमिका वेचून ‘हा नट म्हणजे हे’ असं म्हणायचं, तर ते कसं करावं? खाली दिलेली रीत जुडी डेंच किंवा इयन मॅकेलन या ब्रिटिश नटांनाही लावता येईल. मी किंग्सले घेतला, कारण त्याच्या बाबतीत एकच भूमिका इतकी मोठी आहे की तिच्याआड बाकीचं सगळं झाकलं जातं. रीत कामाची आहे की नाही, हे अशाच ठिकाणी कळतं.

पायरी १ : नेमकं काय शोधताय ते ठरवा

सर्वांत गाजलेली भूमिका कोणती, अभिनय सर्वांत चांगला कुठे झाला आणि कोणत्या भूमिकेवाचून ही कारकीर्द समजणारच नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गप्पांमध्ये आपण ते बिनधास्त एकमेकांत मिसळतो आणि मग तासभर भांडतो. आपल्याला तिसरा प्रश्न हवा आहे.

त्याची चाचणी सोपी आहे. भूमिका यादीतून खोडून पाहा. तिच्यानंतरची कामं तरीही झाली असती का? आणि तिच्या आधीची कामं आता पुन्हा पाहिली तर वेगळी दिसतात का? दोन्ही उत्तरं ‘काही फरक पडत नाही’ अशी आली, तर भूमिका कितीही आवडती असो, ती बाहेर. स्कॉर्सेसीच्या ‘ह्यूगो’मध्ये (२०११) किंग्सलेने विस्मृतीत गेलेला चित्रपटकार जॉर्ज मेलिएस उभा केला. मला ते काम फार प्रिय आहे. पण ते खोडलं तर बाकी काहीच हलत नाही, म्हणून ते या यादीत येत नाही.

पायरी २ : यादी रंगभूमीपासून सुरू करा

ब्रिटिश नटांच्या बाबतीत ही पायरी गाळली की सगळं गणित चुकतं. त्या पिढीतले बरेच जण पडद्यावर दिसण्याआधी दहा-पंधरा वर्षं नाटकात मुरलेले असतात. यॉर्कशरमधल्या स्नेंटन गावी १९४३ साली जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव कृष्णा पंडित भानजी. वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज. नाव बदलून तो १९६७ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनी या नाट्यसंस्थेत गेला. पीटर ब्रूकने १९७० मध्ये बसवलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये तो डिमिट्रियस होता. १९७५ मध्ये बझ गुडबॉडी या दिग्दर्शिकेने स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या छोट्या नाट्यगृहात ‘हॅम्लेट’ केलं, त्यात हॅम्लेट तोच. याखेरीज ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेत थोडं काम आणि १९७२ मध्ये एक चित्रपट, तोही कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. एवढं सगळं पाठीशी असलेल्या नटाला ‘गांधी’साठी ब्रिटिश चित्रपट अकादमीने (बाफ्टा) सर्वोत्कृष्ट अभिनेत्याबरोबरच नवोदिताचंही पारितोषिक दिलं! सिनेमावाल्यांच्या लेखी तो कालच आला होता.

अडचण अशी की ही नाटकं आता बघायची कुठे? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने नाट्यप्रयोगांचं पद्धतशीर चित्रमुद्रण १९९२ पासून सुरू केलं, म्हणजे किंग्सलेचा हॅम्लेट होऊन गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. ‘निकोलस निकलबी’ या नाटकाची गोष्ट आणखी चुटपुट लावणारी. १९८० मध्ये त्यातला क्रूर मास्तर स्क्वीअर्स पहिल्यांदा किंग्सलेने केला. नाटकाचं दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण झालं तेव्हा त्या जागी ॲलन आर्मस्ट्राँग होता. नाटक उरलं, किंग्सलेचा स्क्वीअर्स गेला. हे दुखणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. डॉ. श्रीराम लागूंना हिंदी चित्रपटांतून ओळखणारा आणि १९७० च्या ‘नटसम्राट’मधले बेलवलकर रंगमंचावर पाहिलेला प्रेक्षक एकाच नटाबद्दल बोलत असतात, तरी त्यांचं जमत नाही.

मग करायचं काय? रंगभूमीवरच्या भूमिकांची वेगळी यादी करा. त्या काळची परीक्षणं मिळाली तर वाचा, पण स्वतः न पाहिलेल्या भूमिकेला ऐकीव कौतुकावर क्रमांक देऊ नका. यादीच्या वर एक ओळ मोकळी ठेवा आणि तिथे ‘रंगभूमी’ एवढंच लिहा. त्या घडणीचा अंदाज घ्यायचाच असेल तर ट्रेव्हर नन दिग्दर्शित ‘ट्वेल्फ्थ नाइट’ (१९९६) हा चित्रपट पाहा. किंग्सले त्यात फेस्ट हा विदूषक आहे आणि शेक्सपियरची ओळ तो इतक्या सहज बोलतो की ती पाठ केलेली वाटतच नाही.

पायरी ३ : सर्वांत मोठी भूमिका तात्पुरती बाजूला काढा

‘गांधी’ काही काळासाठी कपाटात ठेवा. तो परत येणारच आहे, पण सुरुवातीलाच समोर असला तर बाकी प्रत्येक भूमिका त्याच्याशी तोलली जाते.

आपला स्वतःचा कलही इथेच तपासावा. मराठी प्रेक्षक ‘गांधी’ तटस्थपणे पाहू शकत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडींच्या, आणि त्यांनाही ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालेलं. गोखले श्रीराम लागूंचे. वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैया यांना. घरचंच कार्य असल्यासारखं आपण तो चित्रपट पाहतो. लंडनमधला पन्नाशीचा सिनेमावेडा मात्र पहिलं नाव बहुधा ‘सेक्सी बीस्ट’मधल्या डॉन लोगन या गुंडाचं घेईल. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणेल ‘आयर्न मॅन ३’मधला ट्रेव्हर स्लॅटरी, किंवा ‘द जंगल बुक’मधल्या (२०१६) बघीराचा आवाज. निदान तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारा. त्यांची उत्तरं मान्य करायची नसतात. आपल्याला काय दिसत नाहीये, तेवढं त्यातून कळतं.

पायरी ४ : पुरस्कारांच्या यादीत काय नाही ते पाहा

किंग्सलेला ऑस्करची चार नामांकनं मिळाली: ‘गांधी’, ‘बग्सी’ (१९९१), ‘सेक्सी बीस्ट’ (२०००) आणि ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’ (२००३). यादी बरी आहे, सुरुवात करायला सोयीची. पण तिच्यातली मोठी फट म्हणजे ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३). त्या चित्रपटातल्या नटांपैकी लियम नीसन आणि रेफ फाइन्स यांना ऑस्कर नामांकन मिळालं. इत्झाक स्टर्न हा हिशेबनीस करणाऱ्या किंग्सलेला नाही.

कारण उघड आहे. स्टर्न ओरडत नाही, कोसळत नाही, त्याला एकही टाळीचं वाक्य नाही. शिंडलर, म्हणजे पुढे ज्यूंना वाचवणारा जर्मन कारखानदार, त्याच्यापुढे पेला धरतो आणि तो घेत नाही. पुन्हा धरतो, पुन्हा नाही. पुढे, सगळं संपल्यात जमा असताना, स्टर्न आपण होऊन ते पेय मागतो. दोन माणसांमधलं सगळं नातं त्या पेल्याच्या हिशेबात आहे. मधल्या काळात किंग्सले फक्त ऐकत असतो, आणि समोरच्या माणसात थोडीतरी माणुसकी आहे का, याचा अंदाज घेत असतो. असं काम पुरस्कारांच्या नजरेतून निसटतं, म्हणूनच आपण ते शोधायचं. भूमिका पडद्यावर किती मिनिटं आहे हे मोजत बसू नका; ती काढली तर चित्रपट उभा राहतो का, ते बघा. स्टर्नशिवाय शिंडलर बदलत नाही.

पायरी ५ : भूमिका जोड्यांनी पाहा

सगळ्या रीतीत ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. वेळ कमी असेल तर बाकीच्या सोडा, पण ही करा.

आता ‘गांधी’ कपाटातून काढा आणि त्याच्याशेजारी जोनाथन ग्लेझरचा ‘सेक्सी बीस्ट’ ठेवा. निवृत्त होऊन स्पेनमध्ये सुखाने राहणाऱ्या एका चोराला लंडनमधल्या दरोड्यासाठी परत न्यायला डॉन लोगन येतो. तो पडद्यावर येण्याआधी नुसतं त्याचं नाव निघतं आणि जेवणाच्या टेबलावरच्या चौघांचे चेहरे उतरतात. मग टक्कल, ताठ मान, आणि समोरच्याचा नकार ऐकूच न येणारा माणूस. आरशात पाहून तो स्वतःशीसुद्धा भांडतो. महात्मा केलेला हाच तो नट, यावर प्रेक्षकांचा विश्वास बसला नाही. परीक्षणांमध्येही तोच सूर होता: किती उलट भूमिका!

उलट? दोन प्रसंग लागोपाठ लावून पाहा. पीटरमॅरिट्सबर्गला तरुण बॅरिस्टर गांधी पहिल्या वर्गाच्या डब्यातून हलायला नकार देतो आणि त्याला गाडीतून उतरवतात. ‘सेक्सी बीस्ट’मध्ये डॉन लोगन विमानात सिगारेट विझवायला नकार देतो आणि त्यालाही उतरवतात. एकाच्या नकारामागे न्याय आहे, दुसऱ्याच्या नकारामागे निव्वळ माज. पण शरीर काय करतंय ते बघा. दोघेही जागचे हलत नाहीत, आवाज फारसा चढत नाही, नजर समोरच्यावर खिळलेली, आणि अख्खं जग विरुद्ध गेलं तरी मागे हटायचा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर नाही. ‘गांधी’तला परवाने जाळण्याचा प्रसंग यानंतर पुन्हा पाहा. पोलिसाचे फटके बसत असताना जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात परत परत कागदाकडे आणि आगीकडे जातो. पहिल्यांदा पाहताना आपल्याला तिथे सहनशीलता दिसते. डॉन लोगन भेटल्यावर तिथला हट्ट दिसतो, थोडा धडकी भरवणारा हट्ट. गांधींच्या चरित्राशीही तो विसंगत नाही.

पहिल्या पायरीतल्या चाचणीचा दुसरा भाग तो हाच. अठरा वर्षांनंतरची भूमिका आधीच्या भूमिकेचा अर्थ बदलून टाकते. म्हणून माझ्या मते डॉन लोगनला किंग्सलेच्या कारकिर्दीत ‘गांधी’च्या बरोबरीची जागा आहे. ‘गांधी’ने त्याला जगापुढे आणलं, हे खरं; पण पुढच्या दोन दशकांत त्याला बऱ्याचदा सज्जन, शहाणी, सोशिक माणसं करावी लागली, तीही त्याच भूमिकेमुळे. ते कुंपण लोगनने तोडलं.

दुसरी जोडी स्टर्न आणि ‘ऑपरेशन फिनाले’मधला (२०१८) नाझी अधिकारी ॲडॉल्फ आइकमन. मधल्या दुव्यांसह पाहिली तर आणखी अर्थ लागतो: १९८९ मध्ये नाझींचा माग काढणारा सायमन विझेन्थाल, २००१ मध्ये ॲन फ्रँकचे वडील ओटो फ्रँक. ज्यूंच्या संहाराची कथा एक नट जवळपास तीस वर्षं बळींच्या बाजूने सांगतो आणि मग मारेकऱ्याच्या खुर्चीत बसतो. आइकमनचं काम मला स्टर्नइतकं पटत नाही, कारण चित्रपटच त्याला फार चतुर करून ठेवतो. तरी जोडी म्हणून ती टाळता येत नाही.

पायरी ६ : पडलेल्या चित्रपटांवरूनही नजर फिरवा

‘ब्लडरेन’, ‘द लव्ह गुरू’ वगैरे. हे पूर्ण बघायची गरज नाही. ब्रिटिश नट मोठमोठे किताब मिळवूनही पोटासाठी काहीही करतात आणि किंग्सले त्याला अपवाद नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढे चला.

पायरी ७ : एक जागा वादासाठी ठेवा

यादीत सगळ्यांना मान्य होणारीच नावं असतील, तर ती तुम्ही न करताही झाली असती. माझी वादाची जागा ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) मधल्या ट्रेव्हर स्लॅटरीला. जगाला थरकाप उडवणारा दहशतवादी म्हणून मँडरिन समोर येतो आणि मग उघडकीला येतं की हा तर भाड्याने आणलेला, नशेत बुडालेला इंग्लिश नट आहे, क्रॉयडनमध्ये आपण केलेल्या किंग लिअरच्या आठवणी काढणारा. कॉमिक्सचे चाहते भडकले. पण भारतीय, ज्यू, इराणी अशा तऱ्हतऱ्हेच्या वंशांची माणसं ज्याच्याकडून करवून घेतली गेली, त्या नटाने ‘परदेशी खलनायक’ हा नुसता मुखवटा असतो हे हसत हसत उघडं करावं, यात केवढी गंमत आहे! शिवाय ही भूमिका २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये परत आली, म्हणजे एका विनोदापुरती ती नव्हती.

पायरी ८ : पाचांवर थांबा, काळाच्या क्रमाने लिहा

क्रमांक देऊ नका. साल लिहा आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण. कारण एका वाक्यात बसत नसेल तर भूमिका बहुधा पाचांतली नाही. माझी यादी अशी होते: वर रंगभूमीची मोकळी ओळ. मग १९८२, गांधी, ज्याने दार उघडलं आणि बंदही केलं. १९९३, स्टर्न, न बोलता चित्रपट तोलून धरणारा. २०००, डॉन लोगन, आधीचं सगळं पुन्हा बघायला लावणारा. २००३, ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’मधला कर्नल बेहरानी: इराणमधून परागंदा झालेला लष्करी अधिकारी, जो रोज सूट घालून घरातून निघतो, वाटेत कपडे बदलून रस्त्यावर मजुरी करतो आणि पुन्हा सूट चढवून घरी येतो. गांधींची शिस्त आणि लोगनचा माज या एकाच माणसात आहेत, आणि दोन्ही त्याला वाचवत नाहीत. शेवटी २०१३, स्लॅटरी.

‘बग्सी’तला गुन्हेगारी म्होरक्या मायर लॅन्स्की बाहेर राहिला. नामांकन असूनही तो खोडल्यावर काही हललं नाही.

पाहायला बसणार असाल तर क्रम वेगळा ठेवा: आधी ‘शिंडलर्स लिस्ट’, मग ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’, त्यानंतर ‘सेक्सी बीस्ट’ आणि लगेच दुसऱ्या दिवशी ‘गांधी’. स्लॅटरी मधे कुठेही चालेल. ‘सेक्सी बीस्ट’ जेमतेम दीड तासाचा आहे, पण त्यातल्या शिव्या पाहता घरात आजी-आजोबा किंवा मुलं जागी असताना लावू नका. ‘गांधी’ तीन तासांहून मोठा आहे. त्यासाठी रविवारची दुपार मोकळी ठेवा.