उंदराच्या मेंदूत रेकॉर्डिंग इलेक्ट्रोड बसवताना

बसवलेला इलेक्ट्रोड आठ-पंधरा दिवसांत निकामी होतो, तो बहुतेक वेळा कवटीवरच्या कामात कसर राहिल्यामुळे. तार मेंदूत उतरवायला फार वेळ लागत नाही. हाड कोरडं करणं, स्क्रू धरवणं आणि दातांचं सिमेंट (डेंटल ॲक्रिलिक) आवळू देणं, खरा वेळ तिथे द्या. खालची पद्धत २५०-३०० ग्रॅमच्या विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी (रॅट), हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागातल्या सीए१ या पट्ट्यातून लोकल फील्ड पोटेन्शियल, म्हणजे टोकाजवळच्या अनेक पेशींचा एकत्रित विद्युत संकेत, घेण्यासाठी आहे. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी आणि अनुभवी हाताखाली घेतलेलं प्रशिक्षण नसेल तर प्राण्याला हात लावू नये. भुलीचं औषध केटामाईन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येतं, त्याची नोंदवही चोख हवी.

इलेक्ट्रोडसाठी टेफ्लॉन आवरणाच्या ५० मायक्रॉनच्या दोन टंगस्टन तारा पिळून घ्या, टोकांत ०.५ मिमी अंतर ठेवा. टोक धारदार कात्रीने सरळ कापा. इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) सलाईनमध्ये १ किलोहर्ट्झवर मोजा. त्यासाठी साधा मल्टिमीटर लावू नका, त्याच्या डीसी करंटने टोक खराब होतं. ग्राउंडच्या, म्हणजे संकेताची शून्य पातळी देणाऱ्या, स्टेनलेस स्क्रूला साधं सोल्डर धरत नाही. ॲसिड फ्लक्स वापरा, मग स्क्रू नीट धुवा आणि जोड मल्टिमीटरने तपासा. इलेक्ट्रोड होल्डर किंवा क्लॅम्प हवा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्यांना नमुना द्या. बारीक कामाची सवय असलेले हात तिथे आहेत.

भूल: केटामाईन ८० आणि झायलाझिन १० मिग्रॅ प्रतिकिलो, पोटात. पायाचं बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला तर थांबा. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम १ मिग्रॅ प्रतिकिलो त्वचेखाली आधीच द्या. डोळ्यांत मलम घाला. शरीर ३७ अंशांवर ठेवणारं हीटिंग पॅड बारा महिने लागतं, पण बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ते नसेल तर उंदीर टेबलावरच दगावू शकतो.

उंदराचं डोकं स्टिरिओटॅक्सिक फ्रेममध्ये (डोकं घट्ट धरून मिमीमध्ये जागा मोजणारी चौकट) बसवा. इअर बार, म्हणजे कानांत बसणाऱ्या दांड्या, बरोबर बसले की डोकं आडवं हलत नाही, वर-खाली मात्र झुकतं. पुढचे दात अडकवायचा इन्सायझर बार साधारण -३.३ मिमीवर (इअर बारच्या पातळीखाली) ठेवून सुरुवात करा. त्वचेखाली जागा बधिर करणारं लिग्नोकेन देऊन छेद घ्या, हाडावरचा पडदा खरवडून काढा. आता ब्रेग्मा आणि लॅम्डा (कवटीच्या सांध्यांच्या रेषा पुढे आणि मागे जिथे मिळतात ते दोन बिंदू) यांची उंची मोजा, फरक ०.१ मिमीहून जास्त असेल तर बार हलवून पुन्हा मोजा. ही पायरी घाईत उरकली तर पुढचे सगळे आकडे वाकडे जातात.

ब्रेग्मापासून ३.८ मिमी मागे आणि मध्यरेषेपासून २.५ मिमी बाजूला खूण करा. ड्रिल थांबत-थांबत चालवा, सलाईनचे थेंब टाकत राहा. मध्यरेषेवरची मोठी शीर फुटली तर रक्त आवरणं कठीण, तिकडे जाऊ नका. चार ते सहा स्क्रू दोन-तीन फेऱ्यांपुरतेच आत घ्या. जास्त गेले तर मेंदू दाबला जातो. ग्राउंडचा स्क्रू सेरेबेलमवर (मागचा लहान मेंदू).

ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं चिवट आवरण, सुईच्या वाकवलेल्या टोकाने उघडा. तार मिनिटाला १ मिमीपेक्षा हळू, ड्युरापासून २.५ मिमीपर्यंत उतरवा. तार वाकताना दिसली तर ड्युरा पूर्ण उघडलेला नाही. जोर न लावता वर घ्या. भोक बोनवॅक्सने (हाडावर लावायचं मेण) झाका, कारण सिमेंट आत उतरलं तर त्याच्या उष्णतेने मेंदूचा पृष्ठभाग भाजतो.

सिमेंटआधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडने हाड पुसा, आडव्या-उभ्या रेघा ओरखडा, ते खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत थांबा. पावसाळ्यातल्या दमट हवेत याला वेळ लागतो. ओल्या हाडावर चढवलेली सिमेंटची टोपी अख्खीच्या अख्खी सुटून येते. सेल्फ क्युअर डेंटल ॲक्रिलिक पातळ थरांत द्या. एकदम ढीग घातला तर हाड तापतं. थंडीत ते उशिरा आवळतं, म्हणून घट्ट झाल्याची खात्री झाल्याशिवाय होल्डर सोडू नका. कडा गुळगुळीत करा, टोचणाऱ्या कडेखाली त्वचेला जखम होते.

प्रत्येक उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, नाहीतर सोबती कनेक्टर कुरतडतात. वेदनाशामक आणखी दोन-तीन दिवस, रेकॉर्डिंग आठवड्यानंतर. चालणाऱ्या उंदरात ६-१० हर्ट्झचा थीटा (हिप्पोकॅम्पसमधली लयबद्ध लहर) दिसायला हवा. विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण सगळ्या चॅनेलवर असेल तर आधी ग्राउंडचा जोड पाहा, एकाच चॅनेलवर असेल तर ती तार. प्रयोग संपल्यावर भूल देऊन टोकातून १० मायक्रोअँपिअर करंट १० सेकंद सोडा आणि मेंदूच्या चकत्यांत ती खूण शोधा. सीए१च्या बाहेर निघालेल्या उंदराचा डेटा सीए१चा म्हणून धरू नका.