राजीनामा टाकायला सांगतील, तेव्हा एक रात्र मागून घ्या

आयटी कंपनीतला तुमचा प्रोजेक्ट संपलाय, बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना, नुसत्या पगारावर) महिना होत आलाय, आरएमजीचे (माणसांना प्रोजेक्टवर लावणाऱ्या विभागाचे) फोन थांबलेत आणि मॅनेजर अचानक गोड बोलायला लागलाय. पुढचं ओळखायला ज्योतिषी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हापासून पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नाही. त्यामुळे बेंच किंवा पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली ठरावीक मुदत) यावर इथे फार बोलत बसत नाही. पीआयपीबद्दल एवढंच, की तो हातात पडला त्याच दिवशी बाहेर अर्ज सुरू करा. सुधारणेची टार्गेट्स लेखी मागा, दर आठवड्याचा रिव्ह्यू मेलवर नोंदवा, पण त्यातून नोकरी वाचेल या भरवशावर राहू नका.

खरा सापळा एचआरच्या अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये असतो. इन्व्हाइटला विषय नसतो, समोर दोघं असतात आणि वाक्यं ठरलेली असतात: "आजच पोर्टलवर राजीनामा टाका, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाहीतर टर्मिनेशन, आणि ते बीजीव्हीत (नव्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत) आयुष्यभर दिसेल." माणूस घाबरतो, ड्रॉपडाउनमधून 'पर्सनल रीझन' निवडतो आणि सबमिट करतो. पाच मिनिटांत खेळ संपतो.

कंपनीला तुमचाच राजीनामा का हवा असतो, हे नीट समजून घ्या. 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्या, वर्षभर सलग काम झालेल्या माणसाला कपात म्हणून काढायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो आणि सरकारला कळवावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत यावर आणखी १५ दिवसांच्या पगाराची भर पडली, ती रीस्किलिंग फंडाची, म्हणजे नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीची. स्वेच्छेने राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत कपात झालेलीच नसते आणि यातलं काहीच लागू होत नाही. पुढे कामगार आयुक्तांकडे गेलात, तर समोर तुमच्याच हातचं 'पर्सनल रीझन' ठेवलं जातं. "आयटीवाले कामगार नसतातच" हे वाक्यही सरसकट खरं नाही. पदाचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, हे पाहिलं जातं. मात्र टीम चालवणाऱ्या, अप्रेझल देणाऱ्या मॅनेजरची बाजू इथे लंगडी पडते, हेही मान्य करा.

मग त्या खोलीत करायचं काय? आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर येऊ द्यायचं, पण सही नाही आणि सबमिटही नाही. "जे सांगताय ते मेलवर पाठवा, उद्या लेखी उत्तर देईन," एवढंच बोला आणि बाहेर पडा. त्याच संध्याकाळी एचआरला मेल करा: तारीख, वेळ, कोण हजर होतं, काय सांगितलं गेलं आणि "मी स्वेच्छेने राजीनामा देत नाही" हे एक वाक्य. ऑफिसचा ॲक्सेस रात्रीतून बंद होऊ शकतो, म्हणून हा मेल स्वतःच्या खासगी आयडीवरून पाठवा. राजीनामा आधीच टाकला असेल, तर मंजुरीचा मेल येण्याआधी तो लेखी मागे घ्या. तासभरही थांबू नका.

राजीनामा कधीच देऊ नये असं नाही. कायद्याने मिळेल त्याहून जास्त रक्कम लेखी मिळत असेल किंवा दुसरी ऑफर हातात असेल, तर खुशाल द्या. पण आधी रक्कम, ती जमा होण्याची तारीख, जॉइनिंग बोनसची वसुली माफ आणि रिलीव्हिंग लेटरचा मजकूर, हे सगळं मेलवर घ्या. तोंडी शब्दाला एफएनएफमध्ये (शेवटच्या हिशेबात) किंमत नसते. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच आठवडे उरले असतील, तर शेवटचा दिवस पुढे ढकलून घ्या, कारण प्रश्न ग्रॅच्युइटीचा आहे. शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता (नव्या संहितांनुसार हे मिळून एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी भरत असतील, तर निम्मा पगार), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. हा आकडा ४० हजार आणि सेवा ७ वर्षं ८ महिने असेल, तर सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरून आठ वर्षांचे साधारण १ लाख ८५ हजार होतात.

कागद आजच उतरवून ठेवा: ऑफर लेटर, सगळ्या पगारपावत्या, फॉर्म १६, अप्रेझल रेटिंग. क्लायंटची एकही फाइल किंवा कोड खासगी मेलवर पाठवू नका. सिस्टिममध्ये ते लगेच दिसतं आणि फुकटात बडतर्फीचं कारण मिळतं.

कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. घरात कुणाला शुगर-बीपी असेल, तर त्या दिवसाच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. नव्याने घेतलीत, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं. पीएफला शक्यतो हात लावू नका. सेवा पाच वर्षांहून कमी आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल, तर टीडीएसही कापला जातो.

नोकरी मिळते. वेळ लागतो, पण मिळते. एरवी ९० दिवसांच्या नोटीसमुळे मागे पडणारा प्रोफाइल 'लगेच रुजू होऊ शकतो' म्हणून फिल्टरमध्ये वर येतो, तेव्हा नोकरी डॉट कॉमवर शेवटच्या दिवसाची तारीख स्पष्ट टाका. पैसे घेऊन रेझ्युमेचा फॉन्ट बदलून देणाऱ्या मेंटॉरांपेक्षा जुन्या टीममधल्या दहा जणांना केलेले फोन जास्त कामाचे. आणि 'गॅप भरून देतो' म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीच्या वाटेला अजिबात जाऊ नका. खोट्या अनुभवपत्राची कंपनी यूएएनच्या (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत नसते आणि बीजीव्हीवाले तीच उघडतात. तीन महिन्यांची गॅप मुलाखतीत एका वाक्यात सांगता येते: प्रोजेक्ट संपला, कपात झाली.