क्लब सॉकर: सही करायच्या आधी काय विचारायचं आणि नंतर कुठे गप्प बसायचं

मुलांच्या क्लब सॉकरच्या ट्रायआऊटचा, म्हणजे टीम निवडायच्या चाचण्यांचा मोसम आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते मेसेज सुरू होतात. ऑफर आलीय, अठ्ठेचाळीस तासात डिपॉझिट भरायचंय, बी टीममध्ये टाकलंय, पलीकडचा क्लब ए टीम देतोय, काय करू? मग सप्टेंबर उजाडला की त्याच लोकांचे दुसरे मेसेज. कोच खेळवतच नाही, हॉटेलचं बिल बघून डोळे पांढरे झाले, रविवारची मराठी शाळा बुडतेय. माझं मत विचाराल तर सप्टेंबरातली बहुतेक कटकट ही मे महिन्यात विचारायच्या राहून गेलेल्या प्रश्नांची असते. सही होईपर्यंत तुम्ही गिऱ्हाईक असता, सही झाली की फक्त ड्रायव्हर. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिते.

आधी लीगच्या नावांची ती अक्षरं. भारतातून नवीन आलेल्या माणसाला ईसीएनएल, एमएलएस नेक्स्ट, जीए, एनपीएल, ईडीपी हे ऐकून गरगरतं आणि क्लबवाल्यांना ते चांगलंच ठाऊक असतं. थोडक्यात असं आहे की यूएस सॉकरची स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी होती ती 2020 मध्ये बंद पडली, त्याच वर्षी मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी (तीच जीए) सुरू झाली, ईसीएनएल मुलींसाठी 2009 पासून आणि मुलांसाठी 2017 पासून आहे, आणि याच्या खाली एनपीएल, ईडीपी वगैरे लीगच्या पायऱ्या आहेत. पण यातल्या वरच्या लीग मुळात तेराच्या आतल्या गटापासून सुरू होतात. त्यामुळे नऊ वर्षांच्या पोराला कोणी 'प्री'-अमुक आणि 'प्री'-तमुक म्हणून जास्त पैसे लावत असेल तर तुम्ही त्या बॅजचे पैसे भरताय, एवढं लक्षात ठेवून भरा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला फक्त दोन गोष्टी लागतात: मुलं आवडणारा कोच, आणि मॅचमध्ये भरपूर वेळ बॉल पायात. आणि नुसतीच मजा हवी असेल तर गावाचं रेक (हौसेने खेळायची लीग) किंवा एवायएसओ आहेच, 1964 पासून चाललेली संस्था, 'सगळे खेळणार' हा त्यांचा नियमच आहे. तिथे राहिलं म्हणून कोणाचं करिअर बुडत नाही. इथे लोक सहा वर्षांच्या मुलाला रेकमध्ये ठेवलं की असं बघतात जणू तुम्ही त्याचं दूधच तोडलं!

दुसरं, वयाचा गट. जवळपास दहा वर्षं इथे जानेवारी ते डिसेंबर असं जन्मवर्षावर टीम पडायची. 2026-27 च्या सीझनपासून बहुतेक लीगमध्ये 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा हिशोब आलाय, म्हणजे साधारण शाळेच्या इयत्तेप्रमाणे. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं आधी आपल्या टीममध्ये सगळ्यात लहान असायची ती आता सगळ्यात मोठी होणार. त्यामुळे जुन्या टीम फुटतात, मैत्रिणी वेगळ्या होतात, आणि कालपर्यंत स्टार असलेला मार्चचा मुलगा आपल्यापेक्षा वीतभर उंच पोरांच्या मधे उभा राहतो. हे बघून लगेच त्याचा खेळ घसरला म्हणू नका. या वयात सहा महिने म्हणजे फार असतात. ज्या लीगमध्ये नेताय तिचा वयाचा नियम तेवढा क्लबला लेखी विचारा.

आता प्रश्न. ऑफर आली की लाजायचं नाही, ईमेल टाकायचा. कोचचं नाव काय आणि तो अजून किती टीम बघतो, हे पहिलं. ट्रायआऊटला शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस आणि सप्टेंबरात प्रॅक्टिसला येणारा माणूस एकच असेल असं नाही. तीन टीम असलेल्या कोचच्या दोन मॅच एका वेळी आल्या की तुमच्याकडे कोण येणार, हेही विचारा.

रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत मुलं किती, हा दुसरा प्रश्न, आणि इथे गणित करूनच बघा. अकरा-बाराच्या गटात नऊ-नऊ जण खेळतात आणि मॅच तीस-तीस मिनिटांची, म्हणजे नऊ जागा गुणिले साठ मिनिटं, एकूण 540 मिनिटं वाटायची आहेत. रोस्टरवर 13 मुलं असली तर प्रत्येकाला सरासरी एक्केचाळीस मिनिटं. 18 घेतली तर तीस, आणि तेही कोच समान वाटेल तर, जे स्पर्धेत तो वाटत नाही. जास्तीची पाच मुलं म्हणजे क्लबला पाच फिया जास्त, म्हणून हा आकडा बोलण्यात गुळमुळीत येतो. आकडाच मागा. फीपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे असं मी म्हणेन, कारण बेंचवर बसलेल्या पोराचं तोंड घेऊन रविवारी दुपारी टर्नपाईकवरून परत येणं सगळ्यात महाग पडतं.

तिसरा प्रश्न पैशांचा. वेबसाईटवरची फी हा फक्त बयाणा समजा. दोन-तीन हजार डॉलर फी असली तरी युनिफॉर्मचा सेट वेगळा, टूर्नामेंटची एन्ट्री कधी आत असते कधी बाहेर, कोचच्या प्रवासाचा वाटा, हिवाळ्यातलं इनडोअर आणि हॉटेल. हॉटेलमध्ये 'स्टे टू प्ले' म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे टूर्नामेंटवाल्यांनी ठरवलेल्या यादीतूनच खोली घ्यायची, नाहीतर टीमला प्रवेश नाही. तुमच्या मावसबहिणीचं घर मैदानापासून दहा मिनिटांवर असलं तरी! मेमोरियल डे आणि कोलंबस डेचे वीकेंड यातच जातात. तेव्हा वर्षाला किती टूर्नामेंट, किती गावाबाहेर, गेल्या वर्षी एका कुटुंबाला एकूण किती खर्च आला असं सरळ टीम मॅनेजरला विचारा. कोचला नाही, मॅनेजरला. मॅनेजर म्हणजे बहुतेक एखादी दमलेली आई असते आणि ती खरं सांगते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी अजून एक कलम आहे जे कोणी वाचत नाही. करार वर्षभराचा असतो, हप्ते पाडून दिले तरी रक्कम पूर्ण वर्षाची देणं लागता. एच-वन-बी वर असाल आणि लेऑफ झाला तर हातात साठ दिवस असतात, नवी नोकरी टेक्सासात लागू शकते, मग न्यू जर्सीतल्या क्लबचे उरलेले हप्ते कोण भरणार? नोकरी गेली, गाव बदललं किंवा मुलाचा पाय मोडला तर परतावा काय, हे सहीच्या आधी लिहून घ्या. बरेच क्लब विचारल्यावर सूट देतात, न विचारता कोणी देत नाही. फायनान्शियल एडचा फॉर्म पण बहुतेक ठिकाणी असतो, तो भरायला संकोच कशाला, तुमचं नाव काही बोर्डावर लावत नाहीत. आणि क्लब नॉन-प्रॉफिट असेल तर त्याचा फॉर्म 990, म्हणजे सरकारला दिलेला वर्षाचा हिशोब, कोणालाही बघता येतो. पैसा पगारावर किती आणि मुलांवर किती जातो ते एकदा चहा पिता पिता बघा, करमणूक होते.

शेवटचा प्रश्न कॅलेंडरचा. फॉल सीझन आणि गणपती नेमके एकत्र येतात. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, मॅच पण शनिवारी, मराठी शाळा रविवारी सकाळी आणि मॅच रविवारी सकाळी. यावर जादू नाही. पण ऑगस्टमध्येच मॅनेजरला दोन तारखा देऊन ठेवल्या की या दिवशी आम्ही नाही, तर कोणी काही म्हणत नाही. आदल्या रात्री 'फॅमिली इव्हेंट' म्हणून ॲपवर लाल काट मारली की मात्र कोच ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या दोन-तीन घरांशी कारपूल जमवा, त्यातलं एक तरी घर मराठी नसलेलं असू दे, म्हणजे आपल्या सणाला ते गाडी काढतील आणि त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या धावपळीत आपण.

बरं, झाली सही. आता खेळायला वेळ मिळत नाही, काय करायचं? पहिलं म्हणजे मॅच संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये कोचला गाठायचं नाही. बहुतेक क्लबमध्ये मॅचनंतर चोवीस तास कोचशी बोलायचं नाही असा नियम असतो आणि तो चांगला नियम आहे, कारण आपला रक्तदाब त्या वेळात उतरतो. मग बारा वर्षांच्या पुढचं मूल असेल तर त्यानेच लिहायचं, तुम्ही सीसीमध्ये. सेफस्पोर्टच्या (खेळाडूंच्या सुरक्षेसाठीची संस्था) नियमाप्रमाणे कोचने मुलाशी एकट्याने मेसेजवर बोलायचं नसतंच, पालक किंवा दुसरं कोणी मोठं माणूस त्यात लागतं. मजकूर दोन ओळींचा पुरे: "कोच, मला जास्त वेळ खेळायला आवडेल, त्यासाठी मी कुठल्या दोन गोष्टी सुधारू? मंगळवारी प्रॅक्टिसच्या आधी पाच मिनिटं मिळतील का?" यात तक्रार नाही, दुसऱ्या मुलाचं नाव नाही, आणि कोचला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर आलं की महिनाभर त्यावर काम. महिन्याने पण कोचला तुमच्या मुलाबद्दल दोन वाक्यं नीट बोलता येत नसली तर मग तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. तेव्हा क्लबच्या डायरेक्टरकडे जा, तेही तारखा आणि मिनिटं लिहून, 'अन्याय होतोय' असं मोघम नाही.

साईडलाईनवर काय करायचं याचं खरं उत्तर 'खुर्ची उघडायची आणि बसायचं' एवढंच आहे पण आपल्याला जमत नाही. लहानपणी मैदानावर ऐकलेलं तोंडात बसलेलं असतं, "हेड मार, हेड मार!" इथे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगच बंद आहे, मुद्दाम हेड केलं तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक मिळते, म्हणजे तुमचं ऐकून पोरगं फाऊल करणार. तसंच "मार बाहेर, मार!" पण नको, या वयात गोलकीपरपासून पास देत देत बॉल हळूहळू पुढे आणायला शिकवतात, त्यात दोन गोल खातील, खाऊ देत. आणि एक आपल्यातलं गुपित, मराठीत बोललं की कोणाला कळत नाही असं समजून "तो सात नंबरचा जाड्या बघ कसा पळतो" म्हणू नका. प्लेन्सबोरो, एडिसन भागात तर शेजारच्या खुर्चीतली बाई त्या सात नंबरची आई आणि माहेरची सांगलीची निघू शकते.

रेफरीला बोलायचं नाही. लहान गटांत रेफरी म्हणजे बऱ्याचदा तेरा-चौदा वर्षांचं शाळकरी पोर असतं, शनिवारी चार पैसे मिळवायला आलेलं. 2025 पासून यूएस सॉकरने रेफरीला त्रास देण्याबद्दल शिक्षांचा कडक नियम आणलाय, तो पालकांनाही लागतो. वीज जवळ आल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला तर वाद न घालता गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं.

डबा मात्र आपला विषय. दोन मॅचच्या मधे दीड तास असेल तर तुपाची पोळी, साखर-पोळीचा रोल, केळं, दहीभात सगळं चालतं, फक्त पुरी-भाजी नको, दुसऱ्या मॅचला पोरगं जागेवर उभं राहील. टीमसाठी खाऊ नेणार असाल तर शेंगदाण्याची चिक्की आणि दाण्याचे लाडू घरी ठेवा, कोणाला ना कोणाला ॲलर्जी असते, संत्र्याच्या फोडी न्या.

दुखण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. नऊ ते चौदा वयात टाच दुखते म्हणून मूल लंगडत असेल तर ते नाटक नसतं, बहुतेकदा सेव्हर्स नावाचा वाढीच्या हाडाचा त्रास असतो, गुडघ्याच्या खाली दुखलं तर ऑसगुड-श्लाटर. दोन्ही विश्रांतीने बरे होतात, आणि वर्षभर तीन टीमकडून खेळणाऱ्या मुलाला विश्रांतीच मिळत नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय परत नाही, कोचने आग्रह केला तरी आणि फायनल असली तरी.

स्कॉलरशिपसाठी हे सगळं करत असाल तर हिशोब आधीच बघा. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलांतली साधारण सात एनसीएएच्या (कॉलेजमधल्या खेळांची संघटना) कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये खेळतात, डिव्हिजन तीनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, आणि डिव्हिजन एकचे कोच दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनच्या आधी तुमच्या मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाच्या 'रिक्रूटिंग व्हिडिओ'चे पैसे मागणाऱ्याला हसून नाही म्हणा. अजून एक, एमएलएस नेक्स्टच्या वरच्या डिव्हिजनमध्ये गेलं की साधारणपणे शाळेच्या टीमकडून खेळता येत नाही. मुलाला शाळेच्या जर्सीचं वेड असेल तर हे त्याला आधी सांगा, नंतर नाही.

आणि सोडायचंच ठरलं तर सीझन संपू द्या, मधेच सोडलं तर पैसेही जातात आणि नव्या क्लबच्या नोंदणीत अडकायला होतं. नव्या ठिकाणी सही झाली की जुन्या कोचला आधी तुम्ही फोन करा, त्याला दुसऱ्या पालकाकडून कळू देऊ नका, दोन वर्षांनी हाच कोच नव्या क्लबमध्ये भेटतो, इथे सगळे फिरत असतात. बाकी रक्कम चुकती केल्याचा ईमेल जपून ठेवा. जुना युनिफॉर्म फेकू नका, क्लब दोन वर्षं तोच डिझाईन ठेवतात, ग्रुपवर साईझ टाकून फोटो टाका, संध्याकाळच्या आत कोणीतरी घेऊन जातं.