‘तो माणूसच तसला’ म्हणण्याआधी

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात तुम्ही आणखी एक साडी उघडून दाखवायला सांगितली आणि दुकानदार खेकसला. पायऱ्या उतरेपर्यंत मत तयार: माणूस उद्धट. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या जिभेवर असतेच.

आधी घडलं ते क्रियापदात सांगा. ‘उद्धट आहे’ हा निकाल झाला. ‘मान वर न करता नाही म्हणाला’ ही नोंद. निकाल बाजूला ठेवून फक्त नोंद घ्या.

मग तीन प्रश्न विचारा. हॅरल्ड केली या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये त्यांची मांडणी केली. दुसरे दुकानदारही तुमच्याशी असंच बोलतात का? हा दुकानदार इतर गिऱ्हाइकांशीही असाच बोलतो का? आणि तुमच्याशी तो दर वेळी असाच बोलतो का?

बाकीचे दुकानदार नीट बोलतात, हा मात्र सगळ्यांवर आणि नेहमीच खेकसतो, तर कारण त्याच्या स्वभावात आहे. बाकीचेही तुमच्यावर वैतागतात, हा इतरांशी गोड बोलतो आणि तुमच्याशी दर वेळी तुटक, तर तुमच्या वागण्याकडे पाहा. दुकान बंद व्हायच्या वेळी वीस साड्या उघडायला लावत असाल. आणि एरवी नीट बोलणारा आजच खेकसला असेल, तर दिवाळीआधीच्या रविवारची गर्दी आठवा.

फसतं ते तिसऱ्या प्रश्नापाशी. भेट एकदाच झालेली असते, म्हणजे ‘दर वेळी’चं उत्तर हातात नसतंच, आणि ती जागा आपण स्वभावाने भरून टाकतो. निदान तीन भेटी, वेगवेगळ्या वेळी, झाल्याशिवाय ‘नेहमी’ हा शब्द वापरू नका.

परिस्थिती किती जोर करते, याचा अंदाज आपल्याला फार कमी असतो. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला 1973 चा प्रयोग पाहा. वाटेत एक माणूस विव्हळत बसवला होता. निवांत असलेल्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. म्हणून मीटिंगला उशिरा येऊन कुणाशी न बोलता बसलेल्या शेजाऱ्याला ‘आखडू’ ठरवण्याआधी तो कुठून, कसा आला ते विचारा.

मत बनवण्याची वेळही महत्त्वाची. स्वभावाचा निष्कर्ष आपोआप निघतो, परिस्थितीची वजावट मात्र लक्ष देऊन करावी लागते. डोकं दुसऱ्या कामात गुंतलं की वजावटच राहून जाते. नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकलेलं असताना कुणाविषयी काही ठरवू नका. घरी पोहोचल्यावर ठरवा.

नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांसाठी एक वेगळी काळजी. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी 1946 मध्ये एका माणसाची तीच सहा विशेषणं उलट क्रमाने वाचून दाखवली, तर ऐकणाऱ्यांचं मत बदललं: ‘हुशार’ आधी आलं तर माणूस बरा वाटला, ‘मत्सरी’ आधी आलं तर वाईट. यावर उपाय असा की प्रत्येक मुद्द्याला वेगळे गुण द्या, आणि ते सहकाऱ्यांशी बोलण्याआधी कागदावर उतरवा. चर्चेनंतर लिहिलेले गुण पहिल्या बोलणाऱ्याचे असतात.

धमकी किंवा मारहाण असेल तिथे मात्र हे तीन प्रश्न विचारत बसू नका. आधी तिथून निघा, 112 वर फोन करा.