जुना कॅमेरा घेताना लेन्समध्ये टॉर्च मारा

पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) जुना घेतला तरी शिकण्यात काही अडत नाही. व्यवहार मात्र दिवसाउजेडी आणि कॅमेरा हातात घेऊनच करा.

आधी लेन्स काढा, दोन्ही झाकणं उघडा आणि एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती सहज धरते आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला की साफ करूनही डाग राहतो. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. चार धुळीचे कण असले तर चालतील, फोटोत ते बहुधा दिसतही नाहीत.

सेन्सर (फोटो टिपणारी आतली चिप) तपासायला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/१६ इतकं लहान ठेवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि झूम करून काळे ठिपके शोधा. शटर काउंटही, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तेही, विचारा.

निकॉन डी३४००, डी३५०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वस्तातली जुनी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही (दुकानदार हे क्वचितच सांगतो). लेन्समध्येच मोटर असलेली, एएफ-एस लिहिलेलीच मागा.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत नको, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.