रँक ओळखायची कशी आणि हुकूम कुणाचा ऐकायचा: ज्युनियर कॅडेटसाठी

एनसीसीच्या खोलीत भिंतीवर रँकचा तक्ता असतो. सगळ्यात वर फील्ड मार्शल, मग जनरल, मग लेफ्टनंट जनरल. आठवीतली मुलं त्याच क्रमाने घोकतात, पेपरात बरोबर लिहितात आणि मैदानावर समोर हवालदार आला की गडबडतात. भारतात फील्ड मार्शल आजवर दोनच झाले, माणेकशा आणि करिअप्पा. तुमची रोजची गाठ हवालदाराशी. तेव्हा तक्ता खालून वर वाचा आणि प्रत्येक रँकपाशी दोनच प्रश्न विचारा: याच्या हाताखाली किती माणसं? आणि हा स्वतः जबाब कुणाला देतो?

आधी आपली तुकडी

सुरुवात साध्या कॅडेटपासून. आर्मी विंगमध्ये बाहीवर एक फीत म्हणजे लान्स कॉर्पोरल, दोन म्हणजे कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. शाळेतल्या ज्युनियर डिव्हिजनचा (मुलींसाठी ज्युनियर विंगचा) रोजचा कारभार बहुतेक या तिघांवरच चालतो. अंडर ऑफिसर हा प्रकार कॉलेजात गेल्यावर भेटेल, आत्ता त्यात डोकं घालू नका.

घोटाळा होतो तो इथे. तुमच्या सार्जंटच्या बाहीवर तीन फीती आणि शिकवायला आलेल्या पीआय स्टाफमधल्या (म्हणजे सैन्यातून आलेल्या प्रशिक्षकांपैकी) हवालदाराच्या बाहीवरही तीनच. पण कॅडेटची रँक एनसीसीच्या आतच चालते. एनसीसी कायदा 1948 चा, आणि त्यानुसार कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती नाही. कॅडेट म्हणजे सैनिक नव्हे. हवालदाराने मात्र त्या फीती नोकरी करून मिळवल्या आहेत. त्यामुळे सार्जंट कितीही तडफदार असला तरी तो हवालदाराला हुकूम देत नाही, त्याचा हुकूम घेतो. नवीन फीत लागलेल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

मग हुकुमाची साखळी वहीत काढा

एका पानावर तळाशी स्वतःचं नाव लिहा. वर सेक्शन कमांडर, म्हणजे तुमच्या छोट्या गटाचा प्रमुख, त्याच्या वर तुकडीचा सर्वांत सीनियर कॅडेट, त्याच्या वर एएनओ, म्हणजे एनसीसी बघणारे तुमच्या शाळेतलेच शिक्षक. ज्युनियर डिव्हिजनमध्ये त्यांच्याही रँक असतात: थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर. एएनओंच्या वर बटालियनचे कमांडिंग ऑफिसर. हे सैन्यातले कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल असतात आणि सगळे त्यांना सीओ साहेब म्हणतात. त्यांच्या वर ग्रुप कमांडर, मग राज्याचं संचालनालय. महाराष्ट्राचं मुंबईत आहे. गोव्यातले कॅडेट कर्नाटक आणि गोवा संचालनालयाखाली येतात, त्याचं मुख्यालय बंगळुरूला. सगळ्यात वर दिल्लीत महासंचालक, रँक लेफ्टनंट जनरल.

प्रत्येक जागी खरं नाव भरा. एएनओंचं नाव सगळ्यांना येतं, सीओ साहेबांचं निम्म्यांना येत नाही, आणि कॅम्पमध्ये नेमकं तेच विचारतात.

नियम एकच: हुकूम एकेक पायरी खाली येतो, अहवाल एकेक पायरी वर जातो. बूट फाटला म्हणून सीओ साहेबांपुढे उभं राहायचं नाही, सेक्शन कमांडरला सांगायचं. आणि वरच्यानेही मधल्याला डावलू नये. सार्जंट परस्पर प्रत्येक कॅडेटवर ओरडायला लागला, तर कॉर्पोरलची फीत नुसती शोभेची उरते.

याला अपवाद आहेत आणि ते नीट लक्षात ठेवा. उन्हात शेजारचा कोसळला, कुणाला लागलं, तर जवळ जो मोठा माणूस असेल त्याला तत्काळ हाक मारा. कुणी मारहाण केली, नको तिथे हात लावला, पैसे मागितले, तर साखळी बाजूला ठेवून थेट शिक्षकांना आणि घरी सांगा. साखळी कामासाठी आहे, तोंड दाबण्यासाठी नाही.

रिपोर्ट देऊन बघा

साखळी कळते ती रिपोर्ट देताना. तुकडी तीन ओळींत उभी आहे. ‘गिनती कर’ म्हटल्यावर फक्त पुढची ओळ आकडे बोलते. शेवटचा आकडा नऊ आला, तर नऊ त्रिक सत्तावीस. मागे एक जागा रिकामी असेल तर हजर 26. आता पटावरच्या 30 चा हिशेब लागला पाहिजे: दोन आजारी, दोन सुट्टीवर. मग तुकडीला सावधान करून पुढे जायचं, सॅल्यूट, आणि हिंदीत खणखणीत: ‘श्रीमान, कुल नफरी 30, हाजिर 26, बीमार 2, छुट्टी 2.’ त्या चार जणांचं कारण तुम्हाला कुणी सांगितलं? सेक्शन कमांडरांनी. आणि तुमचा आकडा एएनओ पुढे बटालियनला देणार. तो चुकला तर वरपर्यंत चुकीचाच जाणार. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूटसाठी हात उचलायचा नाही, सावधान होऊन ‘जय हिंद’ म्हणायचं.

आता सैन्याकडे वळा

पायदळात दहाएक जवानांचा एक सेक्शन, त्यावर नायक किंवा हवालदार. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, तिच्यावर सहसा मेजर. चार रायफल कंपन्या आणि बाकीचा पसारा मिळून बटालियन, तिच्यावर कर्नल. दहावर नायक ही मांडणी आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या पायदळातही सुरुवात तिथूनच होती आणि पाच नाइकांवर एक हवालदार असे.

दोन फीतींचा माणूस, म्हणजे नायक, लहान समजू नका. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे नायक होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन चालली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले, ग्रेनेडने ती मशीनगन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि तिथेच गोळ्या लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हवालदाराच्या वर जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. त्यांना ‘साब’ म्हणतात, आणि बटालियनमध्ये त्यांचा शब्द तरुण लेफ्टनंटही ऐकून घेतो.

खांदे वाचायची युक्ती अशी. लेफ्टनंटला दोन स्टार, कॅप्टनला तीन, मेजरला अशोकस्तंभाचे सिंह. तिथून स्टार पुन्हा एकपासून मोजा: सिंह आणि एक स्टार लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर. तलवार आणि बॅटन एकमेकांवर तिरपे दिसले की मेजर जनरल किंवा त्याहून वरचे. कॉलरवर लाल पट्टी कर्नलपासून सुरू होते. मात्र सुभेदारालाही दोन स्टार असतात आणि सुभेदार मेजरलाही सिंह. तिथे खांद्यावरची रंगीत फीत शोधा. ती असेल तर जेसीओ, नसेल तर अधिकारी. लांबून ती पटकन दिसत नाही, म्हणून घाईने काही बोलून टाकू नका.

कॅम्पला नेव्ही विंगही असेल तर आणखी एक खाच आहे. आर्मीतला कॅप्टन नेव्हीतल्या लेफ्टनंटच्या आणि हवाई दलातल्या फ्लाइट लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नेव्हीतला कॅप्टन मात्र थेट कर्नलच्या बरोबरीचा. नाव ऐकून ठरवू नका. त्याच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या दिसतील.