लोणा लागलेली भिंत

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी सांगलीतील आमच्या दोन खोल्यांच्या घरात शिरले आणि ते ओसरल्यावर भिंतींना कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा क्षारांचा पांढरा थर) लागला. मी घाईने त्यावर ऑइलपेंट दिला, हीच चूक झाली. कारण विटांतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होऊन पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. शेवटी ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा खरवडला, क्षार पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडले आणि उन्हाळाभर विटा उघड्याच ठेवल्या (आईची नाराजी रास्त होती). मग सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करून वर चुन्याचेच दोन हात दिले. रंगात वाचलेले पैसे मात्र चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याच्या मजुरीत गेले.